डिशखालची पट्टी

…तर दोन्ही हातांत गरम डिश, मी पायाने दार ढकलतेय आणि आतला रखवालदार काचेतून खुणा करतोय की दार ढकलायचं नाही, ओढायचं. ओढायला तिसरा हात कुठून आणू, हे त्याला सुचलं नाही. शेवटी पोस्टमन आला आणि आम्ही दोघं आत गेलो.

ताई, नमस्कार राहूनच गेला. तो इथे घे. गुडघा कसा आहे? तुमच्या मठात जिने किती आहेत ते मला आठवतं, म्हणून विचारते. इकडे सगळे बरे आहेत, एक माझी लेक कार्ला सोडून, आणि तीही आजारी नाही. तेच तर सांगायचंय.

कार्लाच्या नवऱ्याची डेअरी बंद पडली आणि तिच्याबरोबर दोघांचा आरोग्यविमा गेला. कार्लाने स्वतःच्या नावाने नवा मागितला. कंपनीचं उत्तर आलं: आधीचं मूल सिझेरियनने झालेलं असल्यामुळे तो आधीपासूनचा आजार धरला आहे; नसबंदीचा दाखला जोडल्यास अर्जाचा फेरविचार होईल. (आधीपासूनचा आजार आता पाच वर्षांचा आहे. काल त्याने माझ्या मांजराला आजोबांचा टाय बांधला.) कार्लाला दुसरं मूल हवंय. ती तेहतीसची आहे, थांबायला वेळ नाही. विम्याचा नवा कायदा आला तर असलं पत्र कुणालाच पाठवता येणार नाही.

आणि कायदा एका मतासाठी अडलाय डॅरलपाशी. डॅरल थीलन, आपल्या भागाचा खासदार, तू पाचवीत शिकवलेला. (भागाकार करताना जीभ बाहेर काढायचा, तूच सांगायचीस.) त्याने अट घातली: ज्या विम्यात गर्भपाताचा खर्च मिळतो, तो घेणाऱ्या बाईने दर महिन्याला दोन चेक लिहायचे, एक बाकीच्या सगळ्या शरीरासाठी आणि एक तेवढ्यासाठी, वेगवेगळ्या लिफाफ्यांत. ती अट मान्य झाली. तरी मत द्यायचं की नाही, याचा त्याचा विचार चालूच आहे. मी सव्वीस वर्षं बायकांच्या दवाखान्यात टेबलामागे बसले. समोर आलेल्यांपैकी एकही बाई असा दुसरा लिफाफा आधीपासून भरत बसली नसती. ठरवून कोणी अडचणीत येत नाही. जेरी, माझी दवाखान्यातली मैत्रीण, तडकलीच. "लिओना, आज लिफाफा गिळशील, उद्या टपालपेटी गिळायला सांगतील." म्हटलं, गिळते. कार्लासाठी गिळते. चव मात्र लक्षात ठेवीन.

डॅरलच्या कचेरीत टेबलावर माझ्याआधी मतदारांनी घरून भाजून आणलेल्या पाच हॉटडिश येऊन बसल्या होत्या. तीन कायद्याच्या बाजूच्या, दोन विरुद्ध. वरून सगळ्या सारख्याच तपकिरी.

"साहेब फोनवर आहेत," टेबलामागची मर्ना म्हणाली.

"थांबते."

"वेळ लागेल हो, मावशी."

"मावशी असेन. मतदारही आहे. थांबते."

तीन तास थांबले. मग डॅरल बाहेर आला, माझ्या डिशवरचं झाकण उचललं, "अरे वा, ट्यूना!" म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. (ट्यूनाच होती. इस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार, मासा चालतो, मांस कसं करीन? दवाखान्यात नोकरी केली म्हणून मी धर्म सोडला असं तुला वाटतं, तो भाग वेगळा.)

डिश मी तिथेच ठेवून आले. दुसऱ्याची डिश ठेवून घेणारा माणूस आपल्याकडे पुन्हा निवडून येत नाही. ती धुवायची, स्वतः घेऊन जायची आणि डिशखाली चिकटवलेल्या पट्टीवर ज्याचं नाव असेल त्याच्या दारात उभं राहायचं. दारातल्याला आत बोलवावंच लागतं. म्हणून मी निश्चिंत आहे.

बावीस वर्षं आपण एकमेकींना फक्त नाताळची कार्डं पाठवतो. कशामुळे, ते दोघींना माहीत आहे. माझं मत होतं तिथेच आहे. तुझंही असेल.

तुझी
लिओना

ता. क. पट्टीवर माझं नाव नाही. निघण्यापूर्वी ते खरवडून काढलं आणि तुझं चिकटवलं: सिस्टर क्लोटिल्ड, मठाचं स्वयंपाकघर. डॅरल तुझ्याकडे येईल. त्याला बसव आणि सोबतचं कंपनीचं पत्र त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. लिफाफ्यांबद्दल तू त्याच्याशी बोलू नकोस, मी तुझ्याशी बोलणार नाही. फक्त कार्लाचं बोल.

आणखी एक ता. क. गुडघ्याचं खरंच विचारलंय.

शनिवार, सकाळ. पत्र टाकायला निघाले आणि तुझा फोन आला. डॅरल साडेसातला मठात आला होता. कंपनीच्या पत्राची प्रत तुझ्याकडे महिनाभर होती; कार्लाने मला न सांगता पाठवलेली. तू त्याला ती दोनदा वाचायला लावलीस, कारण पहिल्यांदा त्याने 'नसबंदी' हा शब्द गाळला. तो मत देतोय. लिफाफे दोनच राहिले. डिश तुझ्या ओट्यावर आहे, धुतलेली. ती माझी आहे, म्हणून न्यायला निघालेय. हे पत्र हातातच देते.