भुजलीच्या टोपलीतली माती

आत्याबाई, काल दिवसभर सरी येत होत्या आणि आज सकाळी आपल्या सांदवाडीत कोचईच्या अळवासारख्या पानांखाली तेच मातीचे ढिगारे दिसले. बोटाच्या पेराएवढे, शेवयांच्या गुंडाळीसारखे. घर कवेलूचं होतं ते आता स्लॅबचं झालं, पण घरामागचा हा तुकडा मी तसाच ठेवला आहे. चहाचं आधण बंद करून मी आधी तिथं जाऊन बसले. सासू म्हणून तुम्हाला घाबरावं असं माहेराहून सांगून पाठवलं होतं. ते काही मला जमलं नाही, आणि त्याला कारण हीच माती.

मी गोंदियाच्या बाजाराजवळची, आमच्या मागच्या दारी फरशी. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात, सून कामाची दिसावी म्हणून, मी खराटा घेऊन सांदवाडी झाडली आणि हे सगळे ढिगारे उकिरड्यावर टाकून आले. तुम्ही दारात उभ्या. "अवं, काय करून राहिलीस?" मी म्हटलं, "घाण काढून राहिली, आत्याबाई." "घाण? गांडुळानं रातभर दळलेलं पीठ फेकून आलीस तू!" विहिरीवरून हे ओरडले, "जाऊ दे ना माय, शहरची पोरगी हाय." तुम्ही म्हणालात, "शहरात काय हवा खातेत?" आणि मग पदर खोचून स्वतःच उकिरड्यापाशी बसलात. मीही बसले. मोहाची फुलं वेचावी तशी दोन बोटांनी ती माती वेचायला तुम्ही मला शिकवलं. फावडं लावायचं नाही, खाली गांडुळं असतात. तळहातावर चोळली की ती चहापत्तीसारखी मोकळी होते आणि तिला शेणाचा वास येत नाही. मूठभर वांग्याच्या बुडाशी, मूठभर वालासारख्या पोपटाच्या शेंगांच्या वेलाला, देठापासून चार बोटं दूर. त्या वर्षी वांग्यांनी झाडं वाकली, आणि तुम्ही आळीभर सांगितलं की आमच्या सुनेच्या हाताला गुण आहे. गुण मातीचा होता, हे आपल्या दोघींनाच माहीत.

पण मला जास्त आठवतात ते भुजलीचे दिवस. नागपंचमीच्या सुमाराला आळीतल्या बाया टोपल्या घेऊन आपल्या कुंपणाशी यायच्या. टोपलीत माती भरायची, तिच्यात गहू पेरायचे, अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवायचे, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळेधमक कोंब मिरवत बोडीच्या पाण्यावर न्यायचे. ज्या घरची भुजली उंच, त्या घरचं धान चांगलं. म्हणून सगळ्यांना तुमची माती हवी असायची. तुम्ही एकेकीची टोपली भरून द्यायच्या, थट्टा करायच्या, "तुह्या घरी गांडूळ नाही राहत काय वं? का तेही सासूले भेऊन पळाले?" आणि बाया गात बोडीकडे निघाल्या की तुम्ही दारातच थांबायच्या. तुमचे धनी, मामाजी, मी येण्याआधीच गेलेले. मी एकदा विचारलं, "तुम्ही काऊन नाही पेरत?" तुम्ही म्हणालात, "धनी गेलेल्या बाईनं टोपली धरू नये." "आन् तिची माती चालते?" यावर तुम्ही हसलात. "मातीले कोन पुसते वं." बोडीवरून परत आल्यावर मी माझ्या भुजलीतले दोन कोंब तुमच्या कानामागे खोवले. ते सुकून पडेपर्यंत तुम्ही काढले नाहीत. भांडी घासताना, भात वाढताना, ते तिथंच.

आता तुमच्यामागून हे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुड्याचा कागद वाचता वाचता पुस्तकं वाचायला लागले हे तुम्ही पाहिलंच होतं. तशीच एक शेतीची पुस्तिका वाचून मी जांभळाखाली गांडूळखताचा वाफा केला आहे. जुनं शेण, धानाचं कुजकं तणीस, भाजीची देठं, वरून ओलं पोतं. खत पोत्यानं निघतं. बाया अजूनही येतात. मी टोपल्या भरून देते आणि दारात थांबते. कोणी थांब म्हटलं नव्हतं. तुम्हाला पाहून पाहून पाय आपोआपच उंबऱ्याशी अडायचे.

यंदा शेजारची नवी सून माती न्यायला आली आणि सरळ म्हणाली, "काकू, तुमची टोपली कुठं आहे?" तिची सासू कुंपणापलीकडून म्हणाली, "अवं, तिले कायले पुसतेस? माती घे आन् ये." पोरगी हलली नाही. "वाफा यांचा, माती यांची, मग टोपली काऊन नाही?" तुम्हाला विचारला होता तोच प्रश्न, फक्त मी तेव्हा तुमच्या हसण्यावर समाधान मानून कामाला लागले होते. तो दुपारभर माझ्या डोक्यात फिरत राहिला. संध्याकाळी मी माळ्यावरून टोपली काढली.

आज राखीचा दुसरा दिवस, भुजली उठायची आहे. धानाच्या कोठीमागे झाकण काढून पाहिलं, कोंब वीतभर झालेत, सरळ आणि पिवळे. बाहेर बाया गोळा होऊन राहिल्यात, आवाज येतो आहे. कोण काय बोलेल ठाऊक नाही. ती पोरगी बाजूला उभी राहील, एवढं ठाऊक आहे. हा कागद पाठवायला ठिकाण नाही, तेव्हा घडी करून कोठीवरच ठेवते. एक मात्र सांगते. कोठीमागे एक नाही, दोन टोपल्या आहेत. मी आधी पेरली ती तुमची. माझी पेरायला धीर त्यानंतर आला.