यथावकाश म्हणजे कोणत्या वारी?

रविवार, १३ डिसेंबर १९३६

आणि हे मला आज सांगतात! धाकट्या भाऊजींनी त्र्यंबकच्या फेऱ्या बंद ठेवल्या, मोटार धुऊन दारात लावली, सगळ्या तांबट आळीला ठाऊक की आम्ही मंगळवारी डहाणूला निघालो. ठाऊक नाही ते फक्त मला. लग्नाला बावीस वर्षं झाली. समुद्र दाखवा, समुद्र दाखवा म्हणून घसा सुकला माझा. तेव्हा भट्टी सोडून जाता येत नव्हतं. आता कसं येतं?

विचारलं तर म्हणे, "डहाणूचे आपली भांडी घेतात ना, त्यांचा मुलगा आहे. आपली कुसुम दाखवू. समुद्रही होईल."

समुद्रही! म्हणजे लोणच्यासारखा. पानात डाव्या बाजूला.

सोमवार, १४

दशम्या, तिळाची चटणी, सुकं पिठलं. बांधाबांध.

सटाण्याचं स्थळ यांनी सोडलेलं नाही. कांद्याचा व्यापारी, पहिली बायको गेली, दोन मुलं. कुसुम अठराची, तो छत्तीसचा. त्याला सहा जानेवारीला हो-नाही सांगतो म्हणून शब्द देऊन बसलेत. म्हणे, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये.

मी म्हटलं, हातचं म्हणजे? ती काय घागर आहे?

उठून भट्टीकडे गेले. पण डहाणू जमलं नाही तर सटाणा, हे नक्की. मी ओळखते ना.

मंगळवार, १५

पहाटे निघालो. पुढे भाऊजी आणि हे, मागे मी, कुसुम आणि बोचकी. त्र्यंबकपर्यंत भाऊजी झोपेतसुद्धा चालवतील. पुढे मोखाडा, जव्हार, नुसती वळणं. कुसुमला मळमळलं, यांना मळमळलं. मला काही नाही. दोघांना लिंबू धरून बसले.

जव्हारच्या पुढे मोटार तापली. एका पाड्यावरच्या म्हातारीने हंडाभर पाणी दिलं. हंडा रिकामा झाल्यावर बूड पाहिलं. ठोका आमच्याच आळीचा. म्हातारीला सांगितलं तर म्हणाली, "मंग घेऊन नको जाऊ, बाय."

डहाणूला पोचेतो दिवस बुडाला. हवा चिकट. उतरलो त्यांच्याकडेच.

बुधवार, १६

सकाळी बघणं. मुलगा माधव, बापाच्या दुकानात बसतो. बोलणं कमी, ऐकणं बरं. बोलते ती त्याची आई. चालून दाखव, वाचून दाखव, सुईत दोरा ओव. मग, "भरली घागर उचलते का?"

कुसुम म्हणते, "आमच्याकडे घागरी उचलत नाहीत, घडवतात."

मी चिमटा काढला. मुलगा हसला, ते मी पाहिलं.

मग समुद्र. आम्ही मोटारीने पुढे, ते टांग्याने मागून. रस्ता सगळा पाण्याच्या कडेकडेने. एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि झाडांच्या फटीतून ते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बोलत का नाही? बरं आहे ना?"

काय बोलणार. गोदावरीला पलीकडचा काठ असतो.

वाळू घट्ट, सडकेसारखी. भाऊजींनी मोटार थेट पाण्याजवळ नेली. पाण्याजवळ म्हणजे चांगली शंभर पावलं अलीकडे. एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. म्हणाली, "गाडी वर घ्या, भरती येते."

यांनी हात जोडले. "आम्हांला काय करायचीये भरती?"

आता नाशकात भरती म्हणजे पोलिसांची! दर वर्षी मैदानावर पोरं पळतात, छाती मोजतात. यांना तेच वाटलं, भाऊजींना तेच वाटलं. मला तर वाटलंच. पुस्तकात भरती शिकलेली एकटी कुसुम, ती लांब शिंपले वेचत होती. पाणी वाढतं ते पावसाळ्यात, एवढं आमचं ज्ञान. डिसेंबरात नदी कधी वाढली आहे?

आम्ही दशम्या सोडल्या. मी समुद्राची ओटी भरायला पाण्याकडे गेले. शंभर पावलं जायचं ते तीसच निघालं. नारळ सोडून वळते तो पाणी मोटारीच्या चाकाला! भाऊजी धावले, आत बसले, मोटार घरघरली आणि बंद. मागची चाकं वाळूत रुतली. हे काठावर उभे राहून "अरे अरे" करतात.

मी ओरडले, "कुसुम, बघतेस काय? उतर पाण्यात! लाव जोर!"

मी. मी ओरडले. हे लिहून ठेवते, कारण आता सगळे विसरणार.

कुसुमने नऊवारी गुडघ्याच्या वर खोचली आणि उतरली. मीही. तेवढ्यात टांगा आला. माधवने वहाणा काढल्या, कोट आईच्या अंगावर टाकला आणि आला धावत. कुसुम मोजते, एक, दोन, तीन. हा दर वेळी मागे. शेवटी कुसुम खेकसली, "अहो, तीनला लावायचा जोर! चारला नाही!"

तो इतका हसला की पाय घसरून पडला. मग दोर घेऊन कोळी आले आणि मोटार निघाली.

त्याची आई टांग्यातून उतरलीसुद्धा नाही. मांडीवर कोट.

गुरुवार, १७

मोटार सुकवायला घेतली. म्हणजे अजून एक दिवस त्यांच्याच ओसरीवर. सोयरीक ठरायच्या आधीच मुक्काम! आतून ताट येतं, शब्द येत नाही.

माधव सकाळपासून भाऊजींबरोबर मोटारीखाली. कोपरापर्यंत काळा. गोड्या पाण्याने एकेक भाग धुतला. भाऊजी कोणाला चांगलं म्हणत नाहीत, म्हणाले, "वहिनी, पोरगा बरा आहे. विचारतो. न विचारता हात लावत नाही."

त्याची आई मला एवढंच म्हणाली, "मुलगी धीट आहे हो तुमची."

मी म्हटलं, "हो." तिला अजून काहीतरी ऐकायचं होतं.

शनिवार, १९

काल रात्रीच घरी. यांनी दोन दिवस एकच धरलंय, पोरीने पाण्यात उतरायला नको होतं. मी म्हटलं, तुम्ही उतरला असतात तर ती नसती उतरली. जेवले नाहीत. न जेवोत.

कुसुमला सरळ विचारलं. तुला हवा आहे का तो? आमच्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं.

घागर घासत होती. मान वर न करता म्हणाली, "चारला लावतो. पण लावतो."

बास. मला कळलं.

मंगळवार, २२

डहाणूचं कार्ड. मुलाच्या वडिलांचं अक्षर, बोल आईचे. "मुलगी हुशार आहे. धीट वाटते. विचार करून यथावकाश कळवू."

मी तिसरी पास. कुसुमला विचारलं, यथावकाश म्हणजे कोणत्या वारी?

"म्हणजे सवड होईल तेव्हा, आई."

असं. सवड त्यांची, आणि मुलगी माझी. इकडे सहा तारखेला सटाण्याचा तो दोन पोरांचा बाप दारात उभा राहणार.

बुधवार, २३

यांना सांगितलं, मी पत्र टाकते.

"तू? मुलीकडच्यांनी मुदत घालायची? कोणी ऐकलंय असं? जग हसेल."

"हसू दे."

"गिऱ्हाईक तुटेल माझं."

"तुटू दे. भांडं पुन्हा विकता येतं."

यांनी हातोडी उचलली, हातातली घागर फिरवून घेतली. मग म्हणाले, "शुद्धलेखन कुसुमकडून तपासून घे." म्हणजे टाक.

नाही घेतलं तपासून. तिच्या लग्नाचं पत्र तिलाच कशाला दाखवू.

गुरुवार, २४

पोस्टात मीच टाकून आले. काय लिहिलं ते उतरवून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको की मी भलतंच लिहिलं.

"सा. न. वि. वि. मी कुसुमची आई. मुलगी पाण्यात मी उतरवली. दोष काढायचा तर माझा काढा. ती धीट आहे, हे खरं. लग्नानंतर कमी होईल अशा भरवशावर घेऊ नका, होणार नाही. घागर भरलेली उचलते, मी पाहिलं आहे. माधवरावांना एकदा समोर बसवून विचारा, आणि ते काय म्हणतात तेच लिहा. हो असेल तर हो. नाही असेल तर नाही, आम्ही रडणार नाही. पण यथावकाश आम्हांला चालत नाही. सोमवार, ता. ४ जानेवारीच्या टपालाने उत्तर माझ्या हातात पाहिजे."