पाठ फिरवून बोललीस

॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९९७

चि. राखीस,

वत्सलामावशीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. ताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, तेल गरम करून लाव, नुसतं चोळू नकोस.

तुझं पत्र मिळालं. बडोद्याचे तुझे सर म्हणतात, लिंबायत सोडा, दुसरीकडे कानांची तपासणी करा. तूही लिहिलंस की इथल्या लूम कामगारांना आपल्या कानांची फिकीर नाही. तुझ्या भाषणाला मंदिरापुढच्या मंडपात बासष्ट माणसं बसली होती, मी मोजली. तपासणीला आली चार. तुला वाईट वाटणारच.

पण राखी, चूक कुठे झाली ते सांगू? मी मॅट्रिक झालेली बाई, तुझ्या संशोधनातलं मला काय कळणार? पण मी पहिल्या रांगेत होते.

तू तक्त्याकडे तोंड करून बोललीस. वळलीस तेव्हा माईक ओठांपुढे धरलास. लूमवरची माणसं दिवसाचे बारा तास एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्या खडखडाटात दुसरं करणार काय? मंडपातही त्यांना तीच सवय. तुझी पाठ दिसली की त्यांचं ऐकणं संपलं. शेजारची सोनाबाई मला कोपर मारून म्हणाली, "काय सांगी ऱ्हायनी व ती पोर? भितडाशी बोली ऱ्हायनी का?" मी हसले. तेव्हाच उठून तुला सांगायला हवं होतं.

दुसरं, तिच्या नवऱ्याने, पोपटभाऊंनी विचारलं होतं, "कानात ती बुचं घातली तर धोटा अडकला हे कळणार कसं?" तू म्हणालीस, प्रश्न शेवटी. अगं, त्यांच्यासाठी तेवढाच एक प्रश्न होता! धोटा मधेच अडकला की ताण्याचे धागे तुटतात, कापड खराब होतं, बोलणी खावी लागतात. ते उठले, मागोमाग त्यांची अख्खी रांग उठली. पुढच्या वेळी सुरुवातच त्यांच्या प्रश्नाने कर. उत्तर माहीत नसेल तर एक दिवस कारखान्यात उभी राहून बघ. आणि ते डेसिबल राहू दे. शेजारच्या लूमवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, इतकं म्हण. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं वाचवता येतं, हे तू सगळ्यात शेवटी सांगितलंस. तोवर ऐकायला होतं कोण?

आता खरं लिहिते. मारुतीपुढे दिवा लावून बसलेय, खोटं लिहवणार नाही.

माणसं आली नाहीत, कारण मी अडवली. तुझ्या तपासणीच्या कागदावर कारखान्याचं नाव लिहायची जागा होती. नळावर मी बायांना म्हटलं, "घरातल्यांना पाठवू नका गं. कागद शेठच्या हाती लागला तर बहिऱ्याला लूमवर कोण ठेवील?" तू माझी भाची म्हणून त्यांनी माझंच खरं मानलं.

मी घाबरले होते ती माझ्या घरासाठी. वर सर्व ठीक लिहिलं ते सवयीने.

सोबत हिशोबाच्या वहीचं शेवटचं पान आहे. आजवर वहीचं पान कधी फाडलं नाही. त्यावर लिहिलंय:
श्रावण ९१, कुकरची शिट्टी.
दिवाळी ९३, दाराची कडी.
गणपती ९४, आरती संपली तरी हे घंटा वाजवत राहिले. पोरं हसली.
दसरा ९६, माझी हाक, पाठीमागून.

लाईट गेली की आमच्या घरात बोलणं बंद होतं. ओठ दिसत नाहीत ना. लूमवर हे चौकटीला हात लावून धोट्याची चाल ओळखतात, मुकादमाला अजून पत्ता नाही. हे पान मी देवाला दाखवायला लिहीत होते. तुझ्या उपयोगाचं असेल तर घे. तक्त्याच्या जागी हेच वाच, लोकांना कळेल. प्रत्येक घरात असं एक पान आहे.

मी लिहिताना हे समोर येऊन बसले. मी पत्र त्यांच्या हाती दिलं. सावकाश वाचलं. मग म्हणाले, "आरतीचं माहीत होतं मला. पोरांचे दात दिसले होते."

पत्र त्यांनी परत माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "पोरीला लिही, कारखान्याचं नाव त्या कागदावरून काढ. आणि माझ्याकडे तोंड करून बोल. मग तपासणीला पहिला मी बसतो."

तेव्हा २ मार्चच्या रविवारी ये. नळावर जे बोलले ते मी नळावरच जाऊन मागे घेईन, सोनाबाईच्या शिव्या खाऊन. सरांना सांग, लिंबायत सोडू नका.

लग्नाला एकवीस वर्षं झाली, यांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. तुझ्या यादीत पहिलं नाव लागेल, म्हणून लिहिते: रघुनाथ श्रीरंग बोरसे.

तुझी,
ज्यांना हाक ऐकू येत नाही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहणारी
वत्सलामावशी