सभेत घरचं बोलायचं नाही

बाबा, तुमचा नियम मी या रविवारच्या सभेत मोडला, आणि हे काही माफी मागायला लिहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. हैदराबादेत गौलीगुड्यातल्या त्या खोलीत बुद्धवंदना झाली की आपल्या मराठवाड्याकडच्या घरांची सभा भरते, ती तुम्हीच सुरू केलेली. शिष्यवृत्ती, जयंतीची वर्गणी, कुणाची बदली, सगळं बोलायचं; पण कुणी नवरा-बायकोचं काढलं की तुम्ही हात वर करून म्हणायचात, "घरचं घरी." लोक ते अजून पंचशीलापुढचं सहावं शील असल्यासारखं पाळतात.

मी बी.कॉम. अर्धवट सोडलं. हल्ली काचीगुड्यात गच्च्यांवरून केबलच्या वायरी ओढतो. जगभरातलं सगळं आता घरात दिसतं, बाबा, फक्त घरातलं बोलायला कुठे जागा नाही. एका तेलुगू मुलीवर माझं प्रेम आहे. लपवणार नाही. तर ऐनवेळचे विषय आले तसा मी उठलो. "पोरापोरींची लग्नं, घरातली भांडणं, याला दर सभेत अर्धा तास द्या." हशा पिकला. मागून कुणीतरी दखनीत ओरडलं, "कायकू रे मियाँ, सभा आहे का पिक्चर?" तुमचे दोस्त, आताचे अध्यक्षकाका, शांतपणे म्हणाले, "अनुमोदन कोण देतं? नसेल तर खाली बस, बाळा." हाही तुमचाच नियम, दुसऱ्याचं अनुमोदन नसेल तर विषय घ्यायचा नाही. माझ्या वयाचे सगळे सतरंजी खरवडत होते. मी बसलो नाही. कान नुसते तापले होते.

"माझं अनुमोदन."

बायकांच्या बाजूला आई उभी आहे. इतक्या वर्षांत सभेत तिने चहा दिला, तोंड कधी उघडलं नाही. काका म्हणतात, "वहिनी, तुम्ही बसा." ती म्हणते, "नक्को भाऊजी. न विचारता माहेरी गेले म्हणून हे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. एका खोलीत राहून. दर रविवारी इथं मात्र सोबत यायचो, हसत. मी कुठं सांगायचं होतं?" कुणी हसलं नाही. मग बायकांतून आणखी दोन हात वर झाले, आणि काकांनी गुपचूप विषय लिहून घेतला.

तुमच्या फोटोला आई आजही सकाळी हार घालून गेली. मी नसता घातला. तुम्ही असतात तर नियम तुमच्या तोंडावर मोडला असता, हे ऐकून ठेवा.

हे पत्र टाकणार कुठे? पण एक कबूल करतो. उठलो होतो त्या मुलीसाठी, आणि आई बोलल्यावर आमच्या दोघांचं बोलायचंच राहिलं. सोमवारी बसस्टॉपवर त्या मुलीने विचारलं, "क्या हुआ?" मी एवढंच म्हटलं, "पहले मेरी माँ से मिल."