हरवलेले चौसष्ट एमबी

२६ मार्च २००६, रविवार. द्वारका.

"मॅडम, आपका हाथ मशीन पर बैठता है." १९९७ साली जनकपुरीच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये भसीन सर मला म्हणाले होते. तीन महिन्यांचा कोर्स. मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला होता. बाकीच्या बायका नुसत्या बघत उभ्या होत्या. जाणकार माणसाला तेवढं पुरतं.

नऊ वर्षं तो हात पोळपाटावर बसवला. आता पुरे.

पहाडगंजच्या मराठी शाळेत जुलैपासून कॉम्प्युटरच्या बाई हव्या आहेत, अर्धवेळ. अर्ज दिला, बोलावणं आलं. २० एप्रिलला सातवीच्या वर्गावर एक पाठ घेऊन दाखवायचा. पाच वर्षांपूर्वी जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा 'काम' या रकान्यात अविनाशने मला न विचारता 'काही नाही' असं सांगितलं होतं. मी आत त्याच माणसासाठी चहा करत होते.

आज धाकट्या जावेने लॅपटॉप आणून दिला. जुना. तिचा नवा आला, म्हणून हा माझ्याकडे. रसिका गुडगावला एका अमेरिकन कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे. म्हणजे अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना फोनवर सांगते, बंद करून परत चालू करा. याला त्या लोकांत करिअर म्हणतात.

संकल्प: १) रोज पहाटे साडेपाचला उठून एक तास सराव. २) रसिकाला काहीही विचारायचं नाही.

२७ मार्च, सोमवार. सकाळी ८.४०

साडेपाचला जाग आली होती. उठले नाही, पण जाग आली होती.

अविनाश ऑफिसला गेल्यावर लॅपटॉप उघडला. उलटा करून पाहिला (हे कोणी करत नाही). खाली स्टिकर: मेमरी ५१२ एमबी. सुलटा करून चालू केला, 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे ४४८.

५१२ वजा ४४८, चौसष्ट. मी बी.एस्सी. मॅथ्स आहे.

चौसष्ट एमबी गेले कुठे?

दुपारी ३.१०. दहा वेळा बंद-चालू केला. ४४८. यंत्र चुकत नाही, माणसं चुकतात. यंत्र कालपर्यंत कोणाकडे होतं, एवढंच बघायचं.

२८ मार्च, मंगळवार

रसिकाला फोन केला. विचारलं नाही, जाब मागितला. संकल्प मोडलेला नाही.

ती म्हणाली, "वहिनी, ते स्क्रीनसाठी राखून ठेवलेले असतात. कुठे गेले नाहीत." मी म्हटलं, स्क्रीन बाहेर आहे, मेमरी आत आहे. ती हसली आणि म्हणाली, "अच्छा, असू दे. शाळेचा पाठ काय घेताय? मदत करू?" विषय बदलला. दोषी माणूस असाच बदलतो.

शिवाय ड्यूटीवर फोनवर तिचं नाव रोझ असतं. ज्या बाईला स्वतःच्या नावाने बोलता येत नाही तिच्या आकड्यावर मी का विश्वास ठेवू?

३० मार्च, गुरुवार. पाडवा. रात्री

गुढी नवव्या मजल्यावरून बरी दिसते. खालच्या मजल्यावरच्या मिसेस अरोरांनी विचारलं, "साडी सुखाने डाली है?"

धाकटे दीर उन्मेष आणि रसिका जेवायला आले. चौसष्टचा विषय मी काढला नाही. अविनाशने काढला. म्हणाला, "वृंदा चार दिवस सीबीआय झाली आहे." मग मला बोलणं भाग पडलं.

रसिकाने श्रीखंडाचं पातेलं पुढे ओढलं. म्हणाली, "हे बघा वहिनी. तुम्ही एवढं श्रीखंड केलं. पानं वाढायच्या आधीच एक वाटी नैवेद्याला काढून ठेवलीत. आता पातेल्यात मोजलं तर कमीच भरणार ना? चोरी थोडीच झाली?" उन्मेष म्हणाला, "बिल्कुल बरोबर."

मी म्हटलं, नैवेद्याची वाटी देवापुढून परत पानात येते. तुझे चौसष्ट परत आले नाहीत. म्हणजे ज्याने काढले त्यानेच खाल्ले.

बोलून झाल्यावर मला वाटलं, उपमा फार चांगली जमली.

कोणी हसलं नाही. रसिकाने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "मी चिप काढून घेतली असं म्हणताय तुम्ही?" मी म्हटलं, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही मागितला म्हणून नाही दिला मी लॅपटॉप. तुम्ही कधी मागणार नाही म्हणून दिला." कुठल्या तरी सीरियलमधलं वाक्य असणार.

नऊच्या आत गेले दोघं. उन्मेष जाताना पाया पडला, तो नेहमीच पडतो. ती पडली नाही. अविनाश भांडी घासायला उभा राहिला. रागावला की भांडी घासतो. घासू दे.

२ एप्रिल, रविवार

ठरवलं, दुसऱ्यावर अवलंबून राहायचं नाही. नेहरू प्लेसला कारागीर मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने घासतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मळ निघाला की आकडा भरतो. साधं आहे.

खालचं झाकण उघडलं. आत दोन पट्ट्या. दोन! हे रसिकाने सांगितलं नव्हतं. दोन्ही घासल्या. बसवताना एक पट्टी टक् वाजली, दुसरी वाजली नाही. प्रत्येक वस्तूने वाजलंच पाहिजे असं नाही.

संध्याकाळी ६.००. १९२.

पुन्हा पाहिलं. १९२.

चोर सुरुवातीला चौसष्टच नेतो, मग धीट होतो. अविनाश म्हणाला, "रसिका तर गुडगावला आहे आज." तो एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, तिथे फाइल हरवली की कोणाला काही वाटत नाही.

५ एप्रिल, बुधवार

नेहरू प्लेस. उन्हात फरशी तापलेली. तळघरातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने झाकण उघडलं, एका बोटाने पट्टी दाबली. टक्. चालू केला, ४४८.

म्हणाला, "मॅडम, किसी अनाड़ी ने खोला था. पट्टी ढीली थी." मी म्हटलं, हो, घरात लोक ऐकत नाहीत. मग विचारलं, बाकी चौसष्ट? तो म्हणाला, "वो स्क्रीन खाती है. भगवान भी वापस नहीं दिला सकता."

रसिका गुडगावला, हा नेहरू प्लेसला. दोघांची ओळख नाही. तरी दोघं नेमका तोच आकडा आणि तेच कारण सांगतात. हा योगायोग असू शकत नाही. या धंद्यातल्या लोकांचं आपसात ठरलेलं असतं.

९ एप्रिल, रविवार

यश.

फोनलाइनवरून इंटरनेट लावलं (अविनाशचा फोन येणार होता, तो येऊ शकला नाही). 'मेमरी डॉक्टर' नावाचा प्रोग्रॅम सापडला. फुकट. उतरायला पावणेदोन तास. मध्ये एकदा वीज गेली, मी हरले नाही.

चालवला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. मग एक हसरा डॉक्टर आला आणि म्हणाला, अभिनंदन, ६४ एमबी परत मिळवले. एकूण ५१२.

५१२!

दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला कोणीतरी अभिनंदन म्हटलं.

प्रॉपर्टीजमध्ये अजून ४४८ दिसतं, पण तो जुना आकडा असणार. अपडेट व्हायला वेळ लागतो. सरकारी खात्यासारखं.

अविनाशला दाखवलं. म्हणाला, "मग ते रसिकाने चोरले नव्हते ना? आतच होते ना?" ज्याला तांत्रिक ज्ञान नाही त्याच्याशी वाद घालायचा नाही.

रसिकाला कळवावं म्हणून फोन केला. वाजत राहिला. तासाभराने अविनाशने त्याच्या मोबाइलवरून केला, दुसऱ्या रिंगला उचलला. त्याच्याशी हसून बोलत होती, मला ऐकू येत होतं.

१४ एप्रिल, शुक्रवार

पाठाचा विषय ठरला: 'कॉम्प्युटरची मेमरी: तपास आणि उपचार.' सातवीच्या मुलांना प्रत्यक्ष प्रयोग दाखवणार. या शाळेत आजवर कोणी दाखवला नसेल. तक्ता केला. अक्षर उत्तम आलं.

लॅपटॉप थोडा हळू चालतो आहे. डॉक्टर दर पाच मिनिटांनी येऊन हसतो. कामसू आहे.

पहाटे उठण्याचा संकल्प सोमवारपासून.

१९ एप्रिल, बुधवार. रात्री ९.००

साडी: निळी टसर. तक्ता, खडू (स्वतःचे), लॅपटॉप, चार्जर. मेट्रोने आर. के. आश्रम, पुढे पायी.

अविनाश म्हणाला, "रसिकाला एकदा दाखवून घे. अजून वेळ आहे." मी म्हटलं, आता तिलाच मला विचारायला यावं लागेल.

२० एप्रिल, गुरुवार

घरी आले. साडेचार वाजलेत.

२१ एप्रिल, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. मान दुखत होती.

मान दुखत नव्हती.

बत्तीस मुलं. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका इंदुमतीबाई, वही घेऊन. सुरुवात चांगली झाली. तक्त्याकडे सगळे बघत होते. मी म्हटलं, या यंत्रात चौसष्ट एमबी हरवले होते, मी ते परत आणले. डॉक्टर उघडला, ५१२ दाखवले. मुलांनी "वाह" म्हटलं. तो क्षण होता. पंधरा सेकंद असेल.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, कृतिका. म्हणाली, "मॅम, चौसष्ट म्हणजे चौंसठ ना?" मी म्हटलं हो, आणि मनात म्हटलं, दिल्लीतली मराठी मुलं, आकडेसुद्धा विसरली. ती म्हणाली, "मॅम, प्रॉपर्टीजमध्ये बघू?" मी मोठ्या मनाने बघू दिलं.

४४८.

मी म्हटलं, तो जुना आकडा आहे. ती म्हणाली, "नाही मॅम, तोच सही असतो. चौंसठ तर डिस्प्ले घेतो. घरचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा पापांनी सांगितलं होतं." उद्धटपणे नाही. मला मदत करावी तसं म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर आला. चाचणीची मुदत संपली, नोंदणी करा, नाहीतर ६४ एमबी परत काढून घेण्यात येतील. खाली घड्याळ: दहा, नऊ, आठ. मुलं मोठ्याने मोजायला लागली. हिंदीत. शून्याला ५१२ चे ४४८ झाले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

खडू माझ्या हातात होता. फळ्यावर लिहावं असं मला काहीच माहीत नव्हतं.

नंतर इंदुमतीबाईंनी ऑफिसात पाणी दिलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं." मग म्हणाल्या, "कृतिकाने विचारलं तेव्हा तुम्ही 'मला माहीत नाही, बघून सांगते' म्हटलं असतं, तर आजच घेतलं असतं मी तुम्हाला. दुसरं कोणी आलेलं नाही. एक जुलैला पुन्हा पाठ घ्या. पण शिकून या, बाई. खरंच कोणाकडून तरी शिकून या."

मेट्रोत लॅपटॉप मांडीवर होता. गरम.

२२ एप्रिल, शनिवार

इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली. तिथे आता ब्यूटी पार्लर आहे.

अविनाशला म्हटलं, तू शिकव. तो म्हणाला, "मला ईमेल पण पीए काढून देतो." हे कबूल करताना त्याला काही वाटलं नाही. मला का वाटतं?

त्याला विचारलं, रसिका माझ्याबद्दल काय म्हणते? तो आधी "काही नाही" म्हणाला. मग म्हणाला, पाडव्याच्या रात्री ती गाडीत रडली, उन्मेषने सांगितलं. आणि परवा, शाळेच्या दिवशी, तिने अविनाशला मेसेज करून विचारलं होतं, वहिनींचा पाठ कसा झाला. त्याने लिहिलं, ठीक झाला. तिने पुढे काही लिहिलं नाही.

अजून तिने माझा फोन उचललेला नाही. काल तीनदा केला. आज एकदा.

२३ एप्रिल, रविवार. सकाळी ११.००

अविनाश दुपारी उन्मेषकडे जातो आहे. त्याच्याबरोबर चिठ्ठी पाठवायची.

पहिली लिहिली: "रसिका, तुला रविवारी वेळ असेल तर काही अॅडव्हान्स गोष्टींवर चर्चा करता येईल." फाडली.

दुसरी: "झालं ते गैरसमजातून झालं." कोणाच्या गैरसमजातून ते लिहिलं नव्हतं. फाडली.

तिसरी दीड पान झाली, त्यात दीड पान नेहरू प्लेसच्या दुकानदाराबद्दल होतं.

ती नाही म्हणणार. मी तिच्या जागी असते तर चिठ्ठी उघडलीसुद्धा नसती. वर सगळ्यांना सांगितलं असतं.

१२.४०. अविनाश बूट घालतो आहे. ही पाठवते:

"रसिका, मेमरी तू काढली नव्हतीस. मी ते सगळ्यांसमोर म्हटलं होतं, त्यामुळे हे पत्र तू सगळ्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. शाळेत मी नापास झाले. मला कॉम्प्युटर येत नाही, पूर्वीही येत नव्हता. एक जुलैला परत बोलावलं आहे. तोवर दर रविवारी दोन तास मला शिकवशील का? चालू कसा करायचा, तिथपासून. मी गुडगावला येईन, तू यायला नको. वृंदा."