माव्याच्या पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या व माझा खोटा जबाब

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
पीक-कीड ओळख केंद्र

विषय : पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्याच्या चौकशीतील माझा जबाब मागे घेण्याबाबत व पाणी घालणाऱ्या मदतनिसांना कामावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : माझा दि. २ मार्चचा लेखी जबाब.

महोदय,

१. मी आपल्या केंद्रात मावा ओळख कक्षात आठ महिन्यांपासून तात्पुरती सहायक आहे. शेंगवर्गीय पिकांवर जगणाऱ्या माव्याच्या एका प्रजातीतील दोन जाती पिंजऱ्यात वाढवणे, त्यांच्या काचपट्ट्या करणे व प्रत्येक पट्टीवर जात लिहिणे हे माझे काम. एक जात वाटाण्यावरची, दुसरी निळसर. दोन्ही आपण लसूणघासावरच वाढवतो, त्यामुळे रोपावरून काही कळत नाही. वाटाण्याच्या जातीला हिरवी चिठ्ठी लावतात. निळसर जातीला निळी लावायची होती, पण निळा कागद संपल्यामुळे गुलाबी लावली गेली. वाटाण्याचा मावा हिरवा असतो तसा गुलाबीही असतो, हे आपण जाणताच. तथापि कागदाच्या रंगावर खापर फोडण्याचा माझा हेतू नाही.

२. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमना अकरा काचपट्ट्यांवर चुकीची जात आढळली व सहा पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या दिसल्या. मला विचारणा झाली तेव्हा मी लिहिले की, "पिंजऱ्यांच्या खोलीत रोज झारी घेऊन मदतनीसच जातात." हे वाक्य खरे आहे. म्हणूनच मी ते लिहिले. त्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला, आणि ज्यांना आम्ही सगळे झारीकाका म्हणतो त्यांना घरी बसवण्यात आले.

३. चिठ्ठ्या माझ्या मुलीने बदलल्या. ती तीन वर्षांची आहे. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे नऊ दिवस तिला सांभाळायला घरी कोणी नव्हते. लहान मुलांना आत आणण्यास मनाई आहे, हे मला माहीत होते. माझी नेमणूक या महिनाअखेरीस संपते, त्यामुळे रजा मागण्याचा धीर झाला नाही. मी तिला मागच्या दाराने आणून पिंजऱ्यांच्या खोलीत बसवत असे. तिने गुलाबी किड्यांना गुलाबी चिठ्ठ्या लावल्या आणि उरलेल्यांना हिरव्या. घरी तिला रंग जुळवायला मीच शिकवले आहे. तिने काम नेटकेच केले होते, इतके की माझ्याही लक्षात आले नाही.

४. येथे थांबले तर दोष लेकराच्या माथी जाईल, म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे. काचपट्टी करताना पोटॅशमध्ये उकळल्यावर माव्याचा रंग उडतो. मग जात पाहायची ती मिशांवरून : वाटाण्याच्या माव्याच्या मिशीला प्रत्येक सांध्यावर काळी कड असते, निळसर माव्याला नसते. सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर अर्ध्या मिनिटाचे काम. वहीत अकराही पट्ट्यांसमोर "मिशा पाहिल्या" अशी माझी खूण आहे. मी एकही पाहिली नव्हती. पलीकडच्या खोलीत मुलगी फार वेळ गप्प होती, आणि लेकरू गप्प असले की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. चिठ्ठी पाहून जात लिहिली व उठून धावले.

५. मी मुलीला आत आणते, हे झारीकाकांना ठाऊक होते. मुलीला ते पिंजऱ्यातले किडे दाखवायचे. मला म्हणायचे, "ताई, ह्यांच्यात बापाची भानगडच नाही बघा. नुसत्या आया नि लेकी. म्हणून तर एका पानावर एवढी गर्दी!" चौकशीत त्यांना विचारले, आत आणखी कोण येत होते? ते म्हणाले, लक्षात नाही. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले आहेत. त्यांची विस्मरणशक्ती माझ्यासाठी होती, हे मला त्याच क्षणी कळले होते. तरी मी खाली मान घालून सही केली व वेळेवर घरी गेले.

६. मग मी मुलीला पढवले. कोणी काही विचारले तर म्हणायचे, मी आईच्या ऑफिसात गेलेच नाही, मी कोणाला ओळखत नाही. चार दिवस घोकून घेतले. परवा औषधांच्या दुकानासमोर झारीकाका भेटले. त्यांनी वाकून विचारले, "काय गं चिमणे, ओळखलंस का?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नाही ओळखत." ते सरळ झाले. मग हसून मला म्हणाले, "शहाणी आहे हो पोर. असू दे, असू दे." आणि औषध न घेताच निघून गेले. दोन जातींची ओळख पटवणे हे ज्या बाईचे काम, तिने आपल्या मुलीला हे शिकवावे, याहून अधिक मी काय लिहू?

७. सबब विनंती की, माझा जबाब रद्द करावा, झारीकाकांना सन्मानाने परत बोलवावे, आणि मनाई मोडणे, खोटी खूण करणे व खोटा अर्थ निघू देणे यांबद्दल माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. नेमणूक वाढवून देण्याची विनंती मी करत नाही. अकराही पट्ट्या मी पुन्हा पाहिल्या असून दुरुस्त यादी कक्षाच्या टेबलावर ठेवली आहे.

८. या अर्जाची पोच आजच मिळावी. दुकानासमोरून घरी येताना मुलीने विचारले होते, "आई, मी बरोबर बोलले ना?" तिला मी अजून उत्तर दिलेले नाही. हातात पोच असली तर मला मागे फिरता येणार नाही, आणि तिला खरे ते सांगता येईल.

आपली नम्र व या चुकीची धनीण,
(सही)
तात्पुरती सहायक, मावा ओळख कक्ष
दि. ११ मार्च