ओल्या कोपऱ्यातले सात नंबरचे पिंप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा द्राक्षांची ब्रँडी गाळणे व मुरवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीवर असताना करीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे; दाखला देताना ते हसले, त्याची नोंद घ्यावी. प्रकृती उत्तम आहे. पण माझ्या धंद्यात सगळेच वीस वर्षे आधी करून ठेवावे लागते.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक व पुस्तके भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. संस्कृत कोश तिने वाचावेत अशी अट नाही; दाराला अडसर म्हणून लावू नयेत, इतकेच.

२. तांब्याची भट्टीही तिलाच. आंबलेला द्राक्षरस दोनदा गाळावा. दुसऱ्या खेपेस आधी उतरते ते डोके, उग्र. ते बाजूला काढावे. मग काळीज, तेवढेच ठेवावे. शेवटी शेपूट, तेलकट. काळीज कुठे संपते हे मद्यार्काची मोजणी सांगते आणि नाकही सांगते. दोघांचे पटले नाही तर काय, हे कलम ४ मध्ये पाहावे.

३. पिंपे एक ते सहा भाचीला. दरसाल थोडी ब्रँडी लाकडातून उडून जाते, तिला आम्ही छताचा वाटा म्हणतो. छताने माझ्याहून जास्त प्यायली आहे आणि कधी बरळलेले नाही. पिंपातून नमुना काढायची काचेची नळी यादीत नाही; साक्षीला अडचण नको म्हणून ती पिंपे बांधणाऱ्या मिस्त्रींना आजच देऊन टाकली. तशीही ती ते दर महिन्याला ‘चुकून’ घरी नेतात.

४. पिंप सात. एकोणीस वर्षांपूर्वी भट्टीवर धाकटा भाऊ होता. मोजणी पाहून मी म्हटले, “बंद कर.” तो नाक पुढे करून म्हणाला, “थांब गं ताई, अजून येतंय.” पाव तास त्याने धार तोडली नाही. मी चाखले, थुंकले आणि मिस्त्रींसकट सगळ्यांसमोर म्हणाले, “शेपूट आहे हे. तुझ्यासारखंच, उगाच लांबलेलं.” तो माल सर्वांत जुन्या, थकलेल्या पिंपात भरून ओल्या कोपऱ्यात ढकलला. वर खडूने लिहिले: वाया. दुसऱ्या दिवसापासून भाऊ कुलपांच्या दुकानात बसतो. घरी येतो, जेवतो, चेष्टा करतो. तळघराची पायरी मात्र उतरत नाही.

गेल्या महिन्यात या यादीसाठी सात नंबर चाखले. तेव्हाचे ते तेलकट जडपण आता सुक्या जर्दाळूसारखे लागते. थकलेल्या लाकडाने कडूपणा दिला नाही, ओलीने धार मऊ केली. माझ्या दोन्ही शिक्षा त्या मालाला मानवल्या. इतकी चांगली ब्रँडी मी जन्मात गाळलेली नाही. सबब, माझ्या पश्चात पिंप सात भावास द्यावे व त्याचे बरोबर होते असे वकिलांनी त्यास कळवावे.

५. वरील मसुदा वाचून वकील म्हणाले, “बाई, एवढं सांगायला मरायची काय गरज?” प्रश्न कायद्याबाहेरचा, पण बिनतोड. काल भावाला खाली बोलावले. मिस्त्रींसमोरच म्हणाले, “तुझं बरोबर होतं.”

त्याने सात नंबरचा पेला नाकाशी धरला.

“खरं सांगू ताई? मलाही शेपूटच वाटलं होतं. पण तू ओरडलीस, मग मी कसला थांबतोय!”

मिस्त्री पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. भावाने बाहीने ‘वाया’ पुसले आणि खडूने लिहिले: अजून येतंय. पिंप मी तिथेच त्याला देऊन टाकले.

सबब, कलम ४ रद्द. खोडलेले नाही, कारण मी ते फार मेहनतीने लिहिले आहे. भावाला आता या पत्रान्वये काहीच मिळत नसल्याने तो साक्षीदार होऊ शकतो. वकिलांना दोनदा विचारून खात्री केली आहे.

स्थळ: तळघर, ओला कोपरा
दिनांक: द्राक्षतोडणी संपल्यानंतरचा पहिला मंगळवार

सही: करणारी (ताई)
साक्षीदार १: पिंपे बांधणारे मिस्त्री
साक्षीदार २: धाकटा भाऊ, पुन्हा भट्टीवर, दर मंगळवारी